ॲक्वेरियममध्ये कोणते मासे एकत्र ठेवायचे? शहापूरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात टिकणारी टाकी



दोन फुटांची काचेची टाकी, छोटा फिल्टर, निळी लाईट, तळाला रंगीत खडे. नागपूरहून एकाच फेरीत आणलेले मासे: दोन गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, एक फायटर आणि "काच साफ करतो" म्हणून एक सकर. मार्च महिन्यात शहापूरच्या घरात मांडलेली ही माझी पहिली टाकी. व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकला तेव्हा सगळ्यांनी भारी म्हटलं होतं.

पहिल्या आठवड्यात फायटरच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. पुढे सहाचे तीन निऑन उरले, आणि गंमत म्हणजे मेलेला एकही सापडला नाही. मे महिन्यात, नवतपाच्या एका दुपारी, लाईन गेली ती चार तास आलीच नाही. संध्याकाळी गोल्डफिश पाण्यावर तोंड काढून हवा गिळत होते. सकाळी दोघेही उलटे तरंगत होते.

मासे चांगले होते, आजारी नव्हते. निवड चुकली होती. मी रंग बघून मासे घेतले. कोणाला कसलं पाणी लागतं, कोण किती मोठा होतो, कोण कोणाला त्रास देतो, यातलं काहीच पाहिलं नाही.

म्हणून आजच्या लेखात आपण बघू, गोड्या पाण्याच्या टाकीत कोणते मासे एकत्र राहू शकतात, ते कसं ठरवायचं, आणि हे सगळं दुकानात उभं राहून मोबाईलवर दहा मिनिटांत कसं तपासायचं. उदाहरणं आपल्या भंडारा भागातली घेऊ, कारण इथलं पाणी आणि इथलं ऊन दोन्ही वेगळं आहे.

"याच्यासोबत तो चालेल का?" हा प्रश्न अपुरा का आहे?

नेटवर माशांचे जोडी-तक्ते भरपूर सापडतात. आडव्या ओळीत मासे, उभ्या ओळीत मासे, मधल्या चौकोनात हिरवी किंवा लाल खूण. हिरवी दिसली की आपण खूश.

पण तक्ता तुम्हाला काही गोष्टी विचारतच नाही. टाकी किती मोठी आहे? पाणी बोअरचं की नळाचं? नर किती, मादी किती? मासा आज केवढा आहे आणि वर्षभराने केवढा होईल?

एंजल आणि निऑन घ्या. दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातले, त्यामुळे बऱ्याच तक्त्यांत ही जोडी चालते. दुकानातला एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो, तेव्हा खरंच काही होत नाही. पण पूर्ण वाढलेला एंजल सुमारे १५ सेंटीमीटरचा होतो आणि निऑन जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा राहतो. मग रात्री एक-एक निऑन कमी होत जातो. माझे तीन कुठे गेले, ते मला फार उशिरा कळलं.

म्हणून एका प्रश्नाऐवजी पाच प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने: पाणी, तापमान, मोठेपणीचा आकार, स्वभाव, संख्या. पहिल्या प्रश्नात नापास झालेला मासा कितीही शांत असला तरी यादीतून बाहेर.

१. आधी आपलं पाणी ओळखा

शहापूर-भंडारा भागात बऱ्याच घरी बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वापरात असतं. तुमच्या घरचं पाणी जड आहे का, हे किचनमध्येच कळतं. पाणी उकळायच्या भांड्याला, गिझरच्या कॉइलला किंवा नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो का? साबणाला फेस कमी येतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत, म्हणजे पाणी जड आहे.

माशांचे इथे ढोबळ दोन गट पडतात.

- जड पाणी आवडणारे: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल. हे सगळे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे मासे आहेत.
- मऊ पाणी आवडणारे: निऑन, कार्डिनल टेट्रा, डिस्कस, रॅम सिक्लिड.

दुकानात मिळणारे बरेचसे मासे शेतात वाढवलेले असतात, त्यामुळे थोडंफार इकडे-तिकडे चालवून घेतात. पण मॉली आणि डिस्कस एका टाकीत म्हणजे एकाची सोय करताना दुसऱ्याची गैरसोय होणारच.

इथे अनेकजण पाण्याशी भांडायला जातात. पीएच कमी करायचं औषध आणतात, थेंब टाकतात. पण जड पाण्यात बहुतेक वेळा कार्बोनेटही भरपूर असतात आणि ते पीएच परत वर खेचतात. आज खाली, उद्या वर. माशाला कायम थोडा जास्त पीएच सोसतो, रोजची ही चढउतार सोसत नाही. त्यामुळे पाण्याला माशासारखं करू नका, पाण्यासारखा मासा निवडा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा डीक्लोरिनेटर वापरा. आणि नुसतं आरओचं पाणी टाकीत भरू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच. ऑनलाईन मिळणारा स्वस्त टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवतो, त्यातला जडपणा किती ते वेगळं सांगत नाही. जडपणासाठी जीएच-केएचची थेंबांची किट घ्या.

२. आपलं तापमान: मे आणि जानेवारी, दोन्ही

पुण्या-मुंबईच्या यूट्यूबरचा सल्ला विदर्भात तसाच्या तसा का चालत नाही, ते इथे कळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १० अंशांच्या जवळ येतो. बंद खोलीतल्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात सहज ३२-३४ अंशांवर पोहोचतं.

आता माशांचे आकडे बघा.

- गोल्डफिश: साधारण १८ ते २४ अंश. हा थंड पाण्याचा मासा आहे.
- निऑन टेट्रा: २० ते २६
- गप्पी: २० ते २८
- हनी गुरामी: २२ ते २८
- फायटर: २४ ते ३०
- एंजल: २४ ते ३०

गोल्डफिश आणि फायटर एकत्र का नकोत, याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. दोघांना सुखाचं असं एकच तापमान सापडायला फारच कमी जागा उरते.

गरम पाण्याचा दुसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना ७ च्या आसपास. आणि त्याच वेळी गरमीमुळे माशाच्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. आवक कमी, खर्च जास्त. त्यात लाईन जाऊन फिल्टर बंद पडला की माझ्या गोल्डफिशचं झालं तेच होतं.

तिसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. पाणी जितकं गरम आणि त्याचा पीएच जितका जास्त, तितका त्यातला विषारी भाग वाढतो. म्हणजे पुण्यात दहा मासे झेपणारी टाकी आपल्याकडे मे महिन्यात तेवढ्याच दहा माशांना झेपेलच असं नाही. शहापूरची टाकी थोडी रिकामीच बरी.

उपाय महागडे नाहीत. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. झाकण काढून वर जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरतं, अगदी डेझर्ट कूलरसारखं. मात्र उडतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. म्हणून उन्हाळ्यातली रोजची भर टाकायला आरओचं पाणी कामाला येतं. लाईन गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या. हिवाळ्यासाठी थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या.

३. आजचा नको, मोठेपणीचा आकार बघा

दुकानातले जवळपास सगळे मासे पिल्लं असतात. तिथे दोन इंचांचा दिसणारा सकर, म्हणजे सकरमाऊथ कॅटफिश, पुढे ४० सेंटीमीटरच्या वर जाऊ शकतो. ऑस्कर ३० सेंटीमीटर गाठतो. गोल्डफिशच्या साध्या जाती २० सेंटीमीटर सहज ओलांडतात.

आता टाकीचा हिशोब करा. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी बसतं. खडे, सजावट आणि वरची रिकामी जागा वजा केली की हातात ४५ लिटरच्या आसपास उरतं. त्यात ४० सेंटीमीटरचा सकर? त्याला वळायलाही जागा नाही.

"एका इंचाच्या माशाला एक गॅलन पाणी" असा एक नियम फिरत असतो. छोट्या माशांपुरता तो ठीक, मोठ्यांना लावला की फसतो. मासा लांबीने दुप्पट झाला तर रुंदीने आणि जाडीनेही दुप्पट होतो, म्हणजे वजन जवळपास आठपट. खाणं आणि घाणही त्याच मानाने वाढते. दोन इंचांचे पाच मासे आणि दहा इंचांचा एक मासा, लांबीची बेरीज एकच, पण टाकीवरचा भार एकसारखा मुळीच नाही.

आणि साधा नियम: ज्याच्या तोंडात दुसरा मासा मावतो, तो कधीतरी त्याला खाणारच. यात राग नसतो, भूक असते.

४. स्वभाव

भांडणारे मासे तीन प्रकारचे असतात.

पहिले, पंख कुरतडणारे. टायगर बार्ब यात आघाडीवर. एंजल, फायटर, गप्पी यांचे लांब, हलणारे पंख त्यांना दिसले की संपलं. आठ-दहाच्या थव्यात ठेवले तर ते आपापसातच पळापळ करतात आणि त्रास कमी होतो, पण लांब पंखवाल्यांसोबत तरीही नको.

दुसरे, जागेसाठी भांडणारे. फायटरचे दोन नर एका टाकीत कधीच नाही. ड्वार्फ गुरामीचे दोन नरही छोट्या टाकीत एकमेकांना टिकू देत नाहीत. एंजलची जोडी जमली आणि अंडी घातली की शांत वाटणारे एंजल अर्धी टाकी आपल्या नावावर करून घेतात.

तिसरे, मादीला सतत पिडणारे. गप्पीचे नर दिवसभर माद्यांच्या मागे असतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या तर तो त्रास वाटला जातो. पण मग दर महिन्याला पिल्लं. पिल्लं नको असतील तर सगळे नरच घ्या, रंगही त्यांचेच छान असतात.

वेगसुद्धा बघा. झेब्रा डॅनिओ विजेसारखा पळतो, फॅन्सी गोल्डफिश आणि फायटर रमतगमत येतात. खाद्य पडलं की वेगवाले संपवतात आणि संथ मासा उपाशी राहतो. बाहेरून सगळं शांत दिसतं, मासा मात्र हळूहळू खंगतो.

५. संख्या आणि थर

टेट्रा, बार्ब, डॅनिओ, कोरीडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. दोन-दोन घेतले तर ते घाबरून कोपऱ्यात लपतात, रंग फिका पडतो, काही जण चिडके होतात. किमान सहा तरी हवेत. म्हणजे सहा जातींचे दोन-दोन मासे घेण्यापेक्षा दोन जातींचे सहा-सहा घेतलेले बरे.

शिवाय मासे टाकीच्या वेगवेगळ्या थरांत राहतात. गप्पी, फायटर वरच्या भागात, टेट्रा-बार्ब मध्ये, कोरीडोरास आणि कुली लोच तळाशी. थर वेगळे निवडले की जागेची भांडणं आपोआप कमी होतात आणि टाकीही भरलेली दिसते.

दुकानात हमखास सुचवल्या जाणाऱ्या जोड्या

- गोल्डफिश + कुठलाही उष्ण पाण्याचा मासा: नको. तापमान जुळत नाही आणि गोल्डफिश घाणही खूप करतो.
- एंजल + निऑन: नको. निऑन तोंडात मावतो.
- एंजल + टायगर बार्ब: नको. पंख कुरतडले जातात.
- फायटर + गप्पी: टाळा. रंगीत शेपटीचा गप्पी फायटरला दुसरा फायटरच वाटू शकतो.
- गप्पी + मॉली: पाण्याच्या दृष्टीने चालते. पण मॉली मोठी होते, दोन फुटांत गर्दी होईल.
- ऑस्कर + कुठलाही छोटा मासा: नको. ते त्याचं जेवण ठरेल.
- सकर + दोन फुटांची टाकी: नको. काचेवरचं शेवाळ कमी करायचं असेल तर लाईट रोज ६ ते ८ तासच ठेवा आणि खाद्य कमी टाका.

दोन फुटांच्या टाकीसाठी तीन आराखडे

आराखडा १: जड बोअरचं पाणी, कमी खर्च. सहा ते आठ नर गप्पी आणि एक-दोन मिस्ट्री गोगलगायी. गोगलगायीच्या कवचाला कॅल्शियम लागतं, ते जड पाण्यात आयतं मिळतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

आराखडा २: मध्यम जड पाणी, खोलीत कूलर. हनी गुरामी तीन (एक नर, दोन माद्या) आणि चेरी बार्ब आठ. हनी गुरामी आपल्याच उपखंडातला, चेरी बार्ब श्रीलंकेचा. दोघेही पाच सेंटीमीटरच्या आसपासच राहतात, दोघेही शांत. थोडी जिवंत पाणवनस्पती लावा, लाजाळू मासे मोकळे फिरतात.

आराखडा ३: एकटा फायटर. होय, एकटाच. फायटर पाण्यावर येऊन हवेतला ऑक्सिजनही घेऊ शकतो, म्हणून लाईन गेल्यावर तो इतरांपेक्षा जास्त तग धरतो. पण याचा अर्थ त्याला काचेच्या छोट्या बरणीत ठेवा असा नाही. २०-२५ लिटर पाणी, हलका फिल्टर आणि लपायला पानं एवढं तरी द्या.

मोबाईलवर दहा मिनिटांत कसं तपासायचं?

स्टेप १: शास्त्रीय नाव शोधा. दुकानातली नावं फसवी असतात. "शार्क" म्हणून विकला जाणारा मासा शार्क नसतो, आणि "कॅटफिश" या एका नावाखाली दोन इंचांपासून दोन फुटांपर्यंतचे मासे येतात. दुकानदाराला इंग्रजी नाव विचारा, फोटो काढून गूगल लेन्सवर टाका. लेन्सचं पहिलं उत्तर अंतिम समजू नका. पिल्लाचा रंग आणि मोठ्या माशाचा रंग वेगळा असतो, तिथे ते चुकतं. दोन-तीन फोटोंशी ताडून बघा.

स्टेप २: फिशबेसवर बघा. फिशबेस ही माशांची मोफत, शास्त्रीय माहितीची वेबसाईट आहे. शास्त्रीय नाव टाकलं की जास्तीत जास्त लांबी, मूळ प्रदेश आणि बऱ्याच माशांसाठी तापमान, पीएच आणि जडपणाचे आकडे मिळतात. लांबीपुढे 'एसएल' लिहिलं असेल तर ती शेपटीचा पंख सोडून आहे, 'टीएल' असेल तर शेपटीसकट. टाकीत शेपटीलाही जागा लागते, हे विसरू नका.

स्टेप ३: नोट्समध्ये छोटा तक्ता करा. प्रत्येक माशासाठी तापमान, पीएच, मोठेपणीची लांबी, किमान संख्या. सगळ्यांच्या तापमानाचा सामाईक पट्टा काढा. २२-२८ आणि २४-३० असेल तर सामाईक पट्टा २४ ते २८. हा पट्टा दोन-तीन अंशांचाच उरत असेल तर एक मासा यादीतून काढा.

स्टेप ४: एआयला विचारायचं तर पूर्ण विचारा. "गप्पीसोबत काय चालेल?" असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम येईल. टाकीचं माप, पाण्याचा जीएच आणि पीएच, उन्हाळ्यात पाणी कितीवर जातं आणि आधीपासून असलेले मासे, एवढं सांगा. मिळालेले आकडे फिशबेसशी जुळतात का ते बघूनच पैसे काढा.

स्टेप ५: घरी आल्यावर कॅमेरा वापरा. मोबाईल टाकीसमोर स्टँडवर ठेवून खाद्याच्या वेळी दहा मिनिटांचा व्हिडिओ करा आणि तुम्ही बाजूला व्हा. माणूस समोर असला की मासे खाद्याच्या आशेने एकत्र येतात, कोण कोणाला ढकलतो ते दिसत नाही. फ्लॅश मात्र बंद ठेवा.

मासे कोणत्या क्रमाने सोडायचे?

नवी टाकी भरली आणि त्याच दिवशी मासे सोडले, ही सगळ्यात महाग पडणारी घाई. फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थांबा.

मग आधी शांत, थव्याचे मासे सोडा. जागा पकडणारा मासा सगळ्यात शेवटी. तो आधीच टाकीत असेल तर नवा मासा सोडताना दगड आणि झाडांची जागा बदला, म्हणजे जुन्याची ठरलेली हद्द मोडते. नवे मासे दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवता आले तर आजार मुख्य टाकीत येत नाही. सोडताना लाईट बंद ठेवा.

पुढचे सात दिवस ही लक्षणं बघा: फाटलेले पंख, एकाच कोपऱ्यात लपलेला मासा, खाद्याला न येणारा मासा, पाण्यावर हवा गिळणारे मासे. पहिली तीन दिसली तर जोडी चुकली असण्याची शक्यता मोठी. चौथं दिसलं तर आधी एअर पंप चालू करा आणि पाण्याचं तापमान आणि अमोनिया तपासा.

जोडी जमली नाही, आता जास्तीचा मासा कुठे?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या आजही भातशेतीला पाणी देतात, आणि त्याच पाण्यावर ढीवर समाजाची मासेमारी चालते. शिवाय वैनगंगा आहेच. त्यामुळे मोठा झालेला सकर बादलीत घालून तलावात सोडून द्यावा, असं सहज मनात येतं. "जीव वाचला" असं वाटतं.

पण काय होतं ते ऐका. सकरचे नर काठाच्या मातीत बिळं करतात. मालगुजारी तलावाची पाळ मातीचीच असते. त्याच्या अंगावरचे काटे आणि कठीण खवले जाळ्यात अडकून जाळी फाडतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणजे जाळं गेलं आणि मासाही हाती लागला नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तरीही २०२० मध्ये तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीतही तो पसरलाय. एकदा पसरला की परत काढता येत नाही. उजनी धरणात चिलापी कसा भरलाय, हे तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. तोही आपला मासा नव्हे.

डासांची अंडी-अळ्या खायला गप्पी सोडतातच की, असं कोणी म्हणेल. पण ते काम आरोग्य विभाग ठरवून करतो, आणि साठलेल्या, बंदिस्त पाण्यासाठी. आपण घरचे गप्पी नाल्यात किंवा बोडीत ओतणं वेगळं. आजारी टाकीतलं पाणी आणि त्यातले जंतूही सोबत जातात.

म्हणून जास्तीचा मासा दुकानात परत द्या, बरेच दुकानदार घेतात. नाहीतर ओळखीतल्या मोठ्या टाकीवाल्याला द्या. मेलेला मासा नाल्यात न टाकता मातीत पुरा. आणि खरं म्हणजे हा प्रश्न येऊच नये म्हणून तर वरचे पाच प्रश्न आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तलावातले छोटे देशी मासे टाकीत ठेवता येतात का?
भारतातलेच झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब आणि हनी गुरामी जगभर टाक्यांत पाळले जातात. पण स्वतः तलावातून पकडून आणू नका. कुठली जात आहे ते नक्की कळत नाही, सोबत आजार येतात. मरळचं पिल्लू छान दिसतं, पण तो शिकारी मासा आहे, वाढला की टाकीत दुसरं कोणी राहणार नाही.

छोटी टाकी सांभाळायला सोपी ना?
उलट. पाणी कमी असलं की ते लवकर तापतं आणि लवकर खराब होतं. आपल्या उन्हाळ्यात ५० लिटरची टाकी १५ लिटरच्या टाकीपेक्षा जास्त सोपी जाते.

पाणी किती दिवसांनी बदलायचं?
आठवड्याला साधारण पाव भाग. पूर्ण टाकी रिकामी करून धुवू नका आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर कामाचे जिवाणू वाहून जातात. मोबाईलवर दर रविवारचा रिमाइंडर लावून टाका.

थोडक्यात

माशांची जोडी आधी आपल्या पाण्याशी आणि आपल्या उन्हाशी जमवायची, मग एकमेकांशी. घरच्या भांड्यावरचा पांढरा थर आणि मे महिन्यातला थर्मामीटर या दोन गोष्टी तुम्हाला दुकानात शिरायच्या आधीच अर्धी यादी करून देतात.

माझ्या त्याच दोन फुटांच्या टाकीत आता सात नर गप्पी आणि दोन गोगलगायी आहेत. फोटो पहिल्यासारखा रंगीबेरंगी येत नाही. पण मागच्या नवतपात दुपारी लाईन गेली, बॅटरीचा पंप लावला, आणि संध्याकाळी मोजले तर सातच्या सात होते.